सदरच्या चिनी हॉटेलात कोरियाची गाणी

मागच्या महिन्यात भावाची नात मला धरमपेठेतल्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेली. भिंतीभर रंगवलेल्या केसांच्या पोरांची चित्रं, टीव्हीवर त्याच पोरांची गाणी, आणि टेबलाटेबलावर कॉलेजच्या मुली ती गाणी तोंडपाठ म्हणत बसलेल्या. कोणता गायक काय खातो, कोणाला काय आवडत नाही, सगळं त्यांना ठाऊक. नातीने लाल कोबीची वाटी माझ्यापुढे सरकवली. "आजी, ही किमची. कोरियाचं लोणचं समज. तिखट आहे, सांभाळून खा." मी एक घास खाल्ला, चांगली आहे म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही. गाण्यांचा आवाज एवढा होता की सांगता आलंही नसतं. ते इथे लिहिते.

ऐंशी सालानंतरची ती तीन-चार वर्षं. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होते आणि धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करत होते. आमचं गाव कळमेश्वरजवळ. आई-वडील गेल्यावर शेत भावाने बटाईने दिलं आणि तो कळमेश्वरच्या कारखान्यात लागला. त्याचं घर दोन खोल्यांचं, त्यात वहिनी आणि तीन मुलं. मी नागपुरात शिकले, नोकरीला लागले आणि महाल नावाच्या जुन्या वस्तीत एक खोली भाड्याने घेऊन राहू लागले. खाली कापडाचं दुकान, वर घरमालकीण, आणि मागच्या बाजूला गच्चीला लागून माझी खोली.

माझ्या कामात बोलायला फार लागत नसे. विदर्भभरातून पेशंट येत. यवतमाळचे, चंद्रपूरचे, मेळघाटातले. मी त्यांना प्लेटसमोर उभं करायची, खांदे पुढे घ्या म्हणायची, श्वास घ्या, रोखा, सोडा. मग पुढचा पेशंट. उरलेला वेळ डार्करूममध्ये. तिथे एक लाल दिवा, औषधाच्या टाक्या, आणि चिमट्यांना टांगलेल्या ओल्या फिल्म. अंधारात एकेकाच्या छातीचा पिंजरा हळूहळू उमटत जाई. संध्याकाळी बाहेर आले की डोळे दिपत आणि हातांना फिक्सरचा, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाचा, आंबट वास येत राही. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले तरी जात नसे. कित्येक दिवस असे जात की "श्वास घ्या, रोखा, सोडा" आणि भाजीवाल्याशी दोन शब्द, एवढंच माझ्या तोंडून निघालेलं असे.

पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून मी बर्डीच्या बाजारातून एक ट्रान्झिस्टर घेतला. त्याला शॉर्टवेव्ह होतं, म्हणजे लांबच्या देशांची केंद्रं लागत. संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळवायच्या तारेला मी त्याच्या एरिअलची वायर अडकवायची आणि काटा फिरवत बसायची. अरबी, चिनी, रशियन, कायकाय लागे. बहुतेक वेळा नुसती खरखर. एक दिवस खरखरीच्या मधोमध एका बाईचं गाणं लागलं. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज. मागे गिटार आणि ड्रम, म्हणजे नव्या तऱ्हेचं गाणं. पण ती बाई मात्र जणू दारात बसून एकटीच काहीतरी सांगते आहे अशी गात होती. एक शब्द कळला नाही. आवाज लांब जायचा, जवळ यायचा. गाणं संपल्यावर इंग्रजीत सांगितलं की हा कार्यक्रम कोरियातून, सोलहून आहे.

कोरिया म्हणजे मला शाळेतल्या नकाशावरचा एक लोंबता तुकडा आठवत होता, तेवढाच. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी काटा तिथेच लावला. तिसऱ्या दिवशीही. बातम्या, मग थोडी माहिती, आणि शेवटी दोन गाणी. त्या बाईचं गाणं रोज नसे. ज्या दिवशी असे त्या दिवशी मी भाताखालचा स्टोव्ह बंद करायची, कारण स्टोव्हच्या आवाजाने सूर बुडे. मालकीणबाई गच्चीवर पापड काढायला आल्या की कान टवकारत.

"हे काय लावून बसली वं? कोण रडून राहिली?"

"रडत नाही काकू, गाते आहे."

"मले तर रडल्यासारखंच वाटून राहिलं," असं म्हणून त्या पापड उचलून जात.

मी केंद्राला पत्र लिहिलं. कार्यक्रम ऐकू येतो, गाणी आवडतात, त्या गायिकेची जास्त लावा. दोनेक महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. त्यात रंगीत कॅलेंडर होतं. प्रत्येक महिन्याला एक चित्र, आणि डिसेंबरच्या चित्रात जेवणाचं बुटकं टेबल. त्यावर किती वाट्या! लहान लहान, प्रत्येकीत वेगळं काही. लाल, हिरवं, पांढरं, काळपट. मधोमध भात. मी ते पान बाराही महिने उघडं ठेवलं. मी एका ताटलीत भात आणि वरण घेऊन त्याच्यासमोर जेवायची. एवढ्या वाट्या म्हणजे त्यांच्याभोवती किती माणसं बसत असतील, हा विचार हमखास येई.

रेडिओवर जेवणाबद्दलही सांगत. थंडी पडायच्या आधी घरोघरच्या बायका एकत्र येऊन कोबीचं लोणचं घालतात, त्याला किमची म्हणतात, मोठमोठ्या मडक्यांत भरून ती मडकी अंगणात पुरतात. गाणाऱ्या बाईचीही एकदा मुलाखत झाली. इंग्रजीत कोणीतरी तिचं सांगणं सांगत होतं. गाण्याच्या दौऱ्यावर असताना काय आठवतं, असं विचारलं तर ती म्हणाली, आईच्या हातची किमची. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते बसलं. तिची भाषा मला येणार नव्हती, तिला पाहणं तर दूरच. पण ती खाते ते निदान एकदा खाऊन पाहता येईल, असं वाटलं. आजच्या मुलींना हे लगेच कळेल. तेव्हा हे कोणाला सांगितलं असतं तर मला वेड लागलं म्हणाले असते.

नागपुरात कोरियाचं जेवण कुठे मिळणार? पण सदर भागात एक चिनी हॉटेल होतं. दवाखान्यातले डॉक्टर तिथे पार्ट्यांना जात. नकाशावर चीन आणि कोरिया शेजारी, म्हणजे तिथे काही माहीत असेल असा माझा हिशोब. दोन रविवार मी समोरून नुसतीच गेले. एकटी बाई हॉटेलात जाऊन जेवते, हे तेव्हा आमच्यात कोणी ऐकलंही नव्हतं. तिसऱ्या रविवारी दुपारी आत शिरले. लाल कागदी कंदील, काचेची टेबलं, आणि गल्ल्यावर बनियनवर शर्ट घातलेला एक चिनी माणूस. दोन कुटुंबं जेवत होती. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यामागे आणखी कोणी येतं का, म्हणून दाराकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल धरलं आणि भाज्यांच्या शेवया मागवल्या. काट्याने त्या तोंडापर्यंत नेताना अर्ध्या खाली पडत होत्या. त्या संपल्यावर धीर करून गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "किमची मिळेल का?"

"क्या?"

"किमची. कोरिया का अचार."

तो हसला. "कोरिया? मैडम, हम कलकत्ता का है. चीन भी नहीं देखा, कोरिया कहाँ से देखेगा?"

मी उठणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको बाहेर आली. ठेंगणी, चाळिशीची, पदर खोचावा तसा अ‍ॅप्रन खोचलेला. तिने सगळं ऐकलं असावं. आत जाऊन तिने एका बशीत आंबवलेल्या कोबीचे चार तुकडे आणले. पिवळट, मीठ लावलेले. "हमारा घर का है, खाओ. पर किमची नहीं." मी खाल्ले. आंबट, खारट, थंड. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग म्हणाली, "एक बुड्ढा मिलिट्रीवाला आता है. वो भी यही पूछता है. कोरिया, किमची, कोरिया, किमची. महीने का पहला संडे, बारा बजे."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आओ तुम. देखो."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पोचले तेव्हा ते बसलेलेच होते. पंचावन्नच्या आसपासचे, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आखूड कापलेले केस. टेबलावर काळ्या कातडी कव्हरचा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. हॉटेलवालीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्यांना म्हणाली, "ये भी पागल है." एवढीच आमची ओळख.

"तू सोलचं केंद्र ऐकतं?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज."

"कोणतं गाणं आवडते तुले?"

मी त्या बाईचं नाव सांगितलं. ते नाव मी पहिल्यांदाच कोणासमोर तोंडाने उच्चारत होते. चुकीचं उच्चारलं असणार, पण त्यांना कळलं. त्यांनी टू-इन-वनचं बटण दाबलं आणि तिचाच आवाज आला. रेडिओवरून भरलेला, खरखरीसकट. मी तो पहिल्यांदा माझ्या गच्चीबाहेर ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी न पाहिल्यासारखं केलं आणि मेनूकार्ड उलटंसुलटं करत बसले.

मी त्यांना काकाजी म्हणू लागले. ते मूळचे काटोलकडचे. फौजेत वैद्यकीय तुकडीत स्ट्रेचर उचलायला होते आणि अगदी तरुण वयात, लढाई चालू असताना, कोरियाला जाऊन आले होते. निवृत्त झाल्यावर कामठीला छावणीजवळ राहत. पत्नी गेलेली, मुलगा भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीत. थंडीबद्दल ते फार सांगत. "पाणी बादलीतच दगड होये. जखमी माणसाले उचललं तर त्याचे कपडे कागदासारखे वाजत." पण लढाईबद्दल विचारलं तर विषय बदलत.

"मग तुम्हाला किमची कशी माहीत?" मी एकदा विचारलं.

"एका गावात थांबलो होतो," ते म्हणाले. "गाव म्हणजे काय, अर्धं जळलेलं. एक बाई होती, तुझ्याएवढी असन. तिच्या सासऱ्याले आम्ही पट्टी केली. तिनं अंगणातला बर्फ उकरला, मडकं काढलं अन् मूठभर किमची मले देली. हातावरच. खाऊन राहिलो होतो तवा ती धुणं धुवत गाणं म्हणत होती. घर जळून गेलं, अन् बाई गाणं म्हणते. मले कायी समजलं नाही."

"आणि ते गाणं?"

"तेच तर शोधून राहिलो. कधीतरी रेडिओवर लागन म्हणून ऐकतो. अजून लागलं नाही."

असे आमचे रविवार सुरू झाले. महिन्यातून एक, मग दोन. बारा वाजता हॉटेल रिकामं असे. आम्ही शेवया आणि सूप घ्यायचो, काकाजी महिनाभरात भरलेली गाणी लावायचे. कोणतं नवं, कोणतं जुनं, कोणाचा आवाज बसला आहे, कोणत्या गाण्यात मागे बासरी आहे, यावर आम्ही तासतासभर बोलायचो. दोघांनाही भाषा येत नव्हती. पहिला जेवायला आलेला माणूस वैतागून विचारी, "ये कौनसा गाना है भाई?" आणि गल्ल्यावरून मालक ऐटीत सांगे, "कोरिया का. इधर फैन लोग आता है." फैन लोग म्हणजे आम्ही दोघं. एवढ्या वर्षांत तिसरं कोणी आलं नाही.

एका हिवाळ्यात किमची घालायची कल्पना निघाली ती हॉटेलवालीची. आमचं रोजचं ऐकून ती कंटाळली होती बहुतेक. "तुम लोग बोलता बहुत है. बनाओ," ती म्हणाली. कॉटन मार्केटमधून पानकोबीचे चार गड्डे मी आणले. मुळा, लसूण, आलं. तिखट कोणतं घ्यायचं यावर काकाजी ठाम होते. "भिवापुरी मिरची घे. रंगही तसाच, झणकाही तसाच." कोबी मिठात घालून तिने रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. तिच्या स्वयंपाकघरात तिघं पाटांवर बसून पानापानाला तिखट चोळत होतो. माझे हात कोपरापर्यंत लाल, त्यांची आग होत होती, आणि पहिल्यांदाच त्यांना फिक्सरचा वास येत नव्हता. काकाजी लहान मुलासारखे उत्साहात होते. मोठं बोलत होते, हसत होते. हॉटेलवाली तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होती. रेडिओत सांगत तसं, बायका एकत्र येऊन घालतात तसं. त्या दुपारी मला घरी जावंसं वाटत नव्हतं.

भरलेली बरणी काकाजींनी कामठीला नेली. त्यांच्या अंगणात खड्डा खणून पुरली. नागपूरच्या थंडीत पुरायची गरज नव्हती, पण त्यांना तशीच हवी होती. पुढच्या रविवारी ती पोत्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून आणली. झाकण काढलं तर सगळ्या हॉटेलात वास सुटला. मालकाने खिडक्या उघडल्या. हॉटेलवालीने तीन बशा मांडल्या. मी खाल्ली. तिखट, आंबट, आणि मागाहून नाकात चढणारं काहीतरी. चांगली होती. मला फार आवडली.

काकाजींनी एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. मग दुसरा घेतला. डोळे मिटले. मी आणि हॉटेलवाली त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"तशीच आहे का?" मी विचारलं.

त्यांनी तिसरा तुकडा उचलला आणि परत बशीत ठेवला.

"काकाजी, तशी नाही झाली का?"

"मले आठवत नाही वं पोरी," ते म्हणाले. "इतके वर्षं मले वाटे, तोंडात पडली की ओळखीन. आता खाऊन राहिलो, अन् ते कसं होतं तेच आठवत नाही. हेच असन. नसनही." त्यांनी बशी हळूच बाजूला सारली. हॉटेलवाली आत गेली आणि चहा घेऊन आली. त्या दिवशी आम्ही गाणी लावली नाहीत.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी भाऊ महालात आला. न सांगता. मालकीणबाईंनी त्याला निरोप धाडला होता, असं मागून कळलं. मी दवाखान्यातून आले तर तो खोलीबाहेर पायरीवर बसलेला.

"तू रविवारी कुठं जाते?" त्याने पाणी प्यायच्या आधीच विचारलं.

"सदरला. हॉटेलात जेवायला."

"कोणासंगं?"

"एक काकाजी आहेत, फौजेतले. आम्ही गाणी ऐकतो."

"कोणते गाणे?"

"कोरियाची."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. "काहून?" त्याने विचारलं. "आपल्या घरी कायी कमी हाय का? कळमेश्वरले ये ना रविवारी. पोरं विचारतात तुले."

मी म्हटलं, "थांब, आता लागेलच. तू ऐक." तारेला वायर अडकवली, काटा लावला. वेळ झाली होती. पण त्या दिवशी हवा खराब होती की काय कोण जाणे, नुसती खरखर. मी काटा इकडे तिकडे केला, वायर दुसऱ्या बाजूला नेली, ट्रान्झिस्टर उचलून गच्चीच्या कोपऱ्यात धरला. शिट्ट्या आणि खरखर. मध्ये एकदा कुठल्यातरी बाईचा आवाज आला आणि बुडाला. भाऊ गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. मनापासून ऐकत होता, ते मला दिसत होतं.

"हे ऐकतं तू रोज?" तो शेवटी हळू आवाजात म्हणाला.

"रोज असं नसतं रे."

"बाई, लग्नाचं पाहू का तुझ्या?"

मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. जाताना वहिनीने दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवून गेला. मालकीणबाईंना म्हणाला, "माही बहीण हुशार आहे, तिची काळजी नका करू." पण पायऱ्या उतरताना त्याने दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी मी गेले. काकाजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी गाण्यांशिवाय शेवया खाल्ल्या. तिसऱ्या वेळी हॉटेलवालीनेच सांगितलं, की ते मधल्या वारी मुलासोबत आले होते. मुलगा त्यांना भिलाईला घेऊन जातो आहे, कायमचा. कामठीची खोली सोडली. "तुमको बोलने आया था. तुम नहीं था." तिच्याकडे मुलाचा पत्ता होता, क्वार्टरचा नंबर. तिने तो मला बिलाच्या मागे लिहून दिला.

मी तो पत्ता बरेच दिवस जवळ ठेवला. जावं का नाही, हे ठरत नव्हतं. उन्हाळा गेला. एका शनिवारी सुट्टी काढली आणि सकाळच्या गाडीने भिलाईला गेले. एकसारखी क्वार्टरं, एकसारखी झाडं. विचारत विचारत घर सापडलं. काकाजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. लुंगी, बनियन. हॉटेलात मी त्यांना कायम इस्त्रीच्या शर्टात पाहिलेलं. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला, आणि मग ते एकदम उठून उभे राहिले.

"तू? इथं?"

सून आतून आली. तरुण, हसऱ्या चेहऱ्याची. "कोण बाबा?"

ते थोडे गडबडले. "ह्या नागपूरच्या. दवाखान्यात असतात."

तिला वाटलं, त्यांच्या तपासणीसाठी दवाखान्यातून कोणी आलं आहे. तिने मला त्यांच्या खोकल्याबद्दल विचारलं. मी काहीतरी सांगितलं. चहा झाला, पोहे झाले. टीव्ही चालू होता. दोन नातवंडं समोर खेळत होती आणि कपाटावरच्या टू-इन-वनवर सिनेमाची गाणी लागली होती. काकाजींनी एकदा तिकडे पाहिलं आणि सून आत गेल्यावर हळूच म्हणाले, "पोराईनं त्या कॅसेटीत फिल्मी गाणे भरले."

"सगळ्यांत?"

"सगळ्याच. त्याईले काय माहीत." मग म्हणाले, "रेडिओ इथं लागत नाही. लोखंडाचं कायीतरी आहे हवेत."

मी मान हलवली. आम्ही तासभर बसलो. सदरच्या त्या टेबलावर आम्ही कधी शब्द शोधला नव्हता. इथे पाऊसपाणी झालं, गाड्यांची गर्दी झाली, नातवांच्या शाळा झाल्या. मग तेही संपलं. एकदा त्यांनी विचारलं, "ती बाई गाते का अजून?" मी हो म्हटलं, नवीन गाणं आलं आहे म्हटलं. "कसं आहे?" मी दोन ओळी गुणगुणून दाखवणार होते, पण सून पोळ्यांचा डबा घेऊन आली. गाडीत खायला. मी डबा पिशवीत ठेवला.

ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "सांभाळून जाय" एवढंच म्हणाले. मी मागे पाहिलं तेव्हा ते घराकडे वळले होते. मी पुन्हा कधी गेले नाही, त्यांनीही काही कळवलं नाही. गाडीत डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, वर आंब्याचं लोणचं. भूक होती, मी सगळं खाल्लं. समोरच्या बाईंनी विचारलं, माहेरी जाता की सासरी? मी म्हटलं, कामाला.

पुढची दोन वर्षं मी अधूनमधून सदरला जात राहिले. हॉटेलवाली कधी कधी काम आटोपून माझ्यासमोर येऊन बसे. तिचं आणि माझं बोलणं हिंदीत, तेही मोजकं. तिची भावंडं एकेक करून परदेशी गेली होती. एक दिवस तिनेही सांगितलं, आम्ही पण निघालो. हॉटेल एका मिठाईवाल्याने घेतलं. मला केंद्राकडून कॅलेंडर येत राही. मग तेही थांबलं, किंवा मीच पत्र लिहायचं सोडलं. लग्न मी केलं नाही. भावाच्या मुलांची शिक्षणं माझ्या खोलीत राहून झाली, म्हणजे खोली रिकामी अशी नंतर फारशी राहिली नाही.

ज्या वर्षी सोलला मोठ्या खेळांच्या स्पर्धा झाल्या, त्या वर्षी दवाखान्याने वेटिंगरूममध्ये रंगीत टीव्ही बसवला होता. पेशंट, नातेवाईक, कंपाउंडर, सगळे उभ्याने पाहत होते. मधूनच शहर दाखवत. रस्ते, बाजार, एका म्हातारीच्या हातातलं लाल कोबीचं पान. कंपाउंडर म्हणाला, "हे काय असन गा?" मी मागे उभी होते. मी म्हटलं, "किमची. हिवाळ्यात घालतात."

"तुम्हाले कसं माहीत मॅडम?"

"ऐकलं होतं."

तो "हाव का?" म्हणाला आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. पडद्यावर आता धावण्याची शर्यत सुरू झाली होती. मी थोडा वेळ उभी राहिले. मग आतून बेल वाजली. वर्ध्याहून आलेला एक पेशंट एक्स-रेसाठी थांबला होता.